एका वेळी एकच तोंड

माझ्या तोंडातले दात माझे नाहीत, हे मी कोणापासून लपवत नाही. अकरा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने ते केले. मी पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, पण इतकं बिनचूक काम माझ्या हातून एकदाही झाल्याचं आठवत नाही. त्यांना सगळी इमारत कवळीवाले म्हणते. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. ती पाटीही त्यांनी पुढे काढून टाकली. ज्याला यायचंय त्याला दार माहीत असतं, म्हणाले.

कमी वस्तूंत जगण्याचं हल्ली फार कौतुक ऐकते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या सुनेने त्याचा एक वर्ग लावला आणि घर रिकामं करायला म्हणून सहा नव्या टोपल्या विकत आणल्या. कवळीवाल्यांनी कुठलाही वर्ग लावला नव्हता. त्यांच्याकडे एक खाट, एक खुर्ची, खिडकीला लागून कामाचं टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या पट्ट्या, कोरायच्या चार सुऱ्या आणि पॉलिशचं चाक. एक ताट, एक पेला. कोणी आलं तर त्याला खुर्ची मिळायची आणि हे खाटेवर बसायचे. दोघं आले तर दुसरा उभा.

हा माणूस जन्मापासून असा नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा कारखाना होता. सहा कामगार, दोन टेलिफोन, अकरा दवाखाने. सकाळी दवाखान्यांतून डबे यायचे, डब्यांत लोकांच्या तोंडाची मापं, प्रत्येक मापाला चिठ्ठी बांधलेली. त्यावर प्लास्टरचे साचे, साच्यांवर मेण, मेणात दात, आणि दिवस मावळायच्या आत तयार कवळ्या परत रवाना. ते तोंड बाईचं की पुरुषाचं, चिडक्याचं की हसऱ्याचं, कशाचा पत्ता नाही. बायको दोन्ही कानांना दोन फोन लावून बसायची. जेवण उभ्याने.

मग एकदा बसमध्ये त्यांच्या शेजारच्या म्हाताऱ्याने बिस्किटांचा पुडा काढला, आणि तो फोडण्याआधी तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळली. हिरडीच्या गुलाबी रंगावरून यांनी ती ओळखली. यांच्याच कारखान्याची.

"आजोबा, खाताना काढून ठेवता?"

"खाताना काढतो, फोटोला घालतो," म्हातारा म्हणाला.

हा किस्सा ते स्वतः सांगायचे, पण सांगताना हसायचे नाहीत. त्याच महिन्यात त्यांनी कारखाना कामगारांच्या हवाली केला, टेबल घरी आणलं, आणि ठरवलं: एका वेळी एकच तोंड. ते पूर्ण होईपर्यंत दुसरं हातात घ्यायचं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माप घेताना हे स्वतः हजर राहायचे. मग त्या माणसाला घरी बोलावायचे, दोन दुपारी नुसतं बोलायला लावायचे, काहीतरी खायला लावायचे, आणि टक लावून बघत बसायचे. मी दोन दुपारी त्यांना मूलद्रव्यांची माहिती दिली. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, वाक्य संपवताना तुम्ही खालचा जबडा पुढे काढता. रागावल्यासारखा."

"मी रागावलेलीच असते."

"मग तसेच दात करतो."

तीन आठवडे लागले. अकरा वर्षांत एकदाही हिरडी दुखली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर घरातून एकेक वस्तू बाहेर जायला लागली. आधी दिवाण गेला, मग टीव्ही, मग कपाट, मग फोन. माणूस घर आवरतोय की सोडून जायची तयारी करतोय, हेच मला कळेना. एक दिवस जिन्यात अडवून विचारलं. ते म्हणाले, "बाई, जे रोज हाताला लागत नाही ते डोक्यात जागा अडवून बसतं." मला ते पटलं, हे कबूल करते. माझ्या घरात तीन मोडक्या छत्र्या आहेत आणि त्यांतली एकही टाकायची माझी हिंमत होत नाही. त्यांचं डोकं मात्र खरंच मोकळं झालं होतं. समोरच्याचं बोलणं ते असं ऐकायचे की आपण इतके दिवस कोणाशी बोललोच नाही असं वाटावं.

सगळ्यांत शेवटी साचे गेले. प्लास्टरचे जबडे. टेबल घरी आणल्यापासूनचे आणि त्याआधीचे निवडक, मिळून आठेकशे. मागच्या अंगणात बसून दोन दिवस त्यांनी ते हातोडीने फोडले. बिनदातांच्या तोंडांची रास, आणि मधे हा माणूस रुमाल बांधून. माझा जबडा फोडण्याआधी त्यांनी मला वर हाक मारून विचारलं, "हवाय का?" मी म्हटलं, एक सांभाळतेय तेवढा पुरे.

त्यांना एक मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ही ताई अकरा वर्षांची आणि हे चार. तिनेच वाढवलं. ती बसने दहा तासांवर मुलाकडे राहायची. यांनी फोन काढून टाकला तेव्हा तिने माझा नंबर मिळवला, आणि दर रविवारी सकाळी नऊला माझ्या घरातला फोन वाजायला लागला. हे पावणेनऊलाच वर येऊन बसायचे. ताईचा आवाज असा की रिसीव्हर यांच्या कानाला आणि शब्द माझ्या स्वयंपाकघरात.

"काय ठोंब्या, जेवतोस का नीट?"

"जेवतो गं ताई."

"काय जेवतोस? एका ताटात मावतं तेवढंच ना?"

"एकट्याला किती लागतं?"

"मला काय विचारतोस? एकटी राहिलेय का मी कधी?"

दहा-बारा मिनिटं असंच चालायचं. त्यात महत्त्वाचं काहीही नसायचं. मग हे खाली जायचे. आठवड्याभरात ते काम सोडून कोणाशी काही बोलले असतील तर एवढंच.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी ताई म्हणाली, "माझी खालची कवळी तडकली रे. नुसती वरची घालून बसते. माझा जबडा आहे ना तुझ्याकडे? त्यावरून नवी करून पाठव."

"नाही. फोडले सगळे."

"माझासुद्धा?"

"जुन्या साच्याचा उपयोग नसतो ताई. दहा वर्षं झाली. हिरडी झिजते, नवं माप लागतं."

हे शंभर टक्के खरं होतं. रसायनशास्त्राची बाई म्हणून सांगते, त्यात खोट काढायला जागा नाही. पलीकडून ताई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. तीन मिनिटंही झाली नव्हती.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. हे साडेदहापर्यंत खुर्चीत बसून राहिले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

"तुम्ही लावा की," मी म्हटलं. "बोटं मोडलीत का?"

"तीच करते. नेहमी तीच करते."

"आता करत नाहीये ना."

"कामात असेल."

मला वाट बघता येत नाही. मंगळवारी सकाळी मीच फोन लावला. ताईंनी आवाज ओळखला. "वरच्या बाई ना? बोला." मी विचारलं, रागावलात का? त्या म्हणाल्या, राग कसला. मुलाची बदली झालीय. नव्या गावी दोन खोल्या, सून, दोन नातवंडं. इथे वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथे एक खाट रिकामी झालीय. महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरून द्यायचा, नाहीतर ती दुसऱ्या कोणाला जाईल.

"आणि भाऊ?" मी विचारलं.

"मनात तेच होतं हो. म्हटलं, आता म्हातारपणी दोघं एकत्र राहू. पण एकदम कसं विचारायचं? म्हणून आधी जबड्याचं विचारलं. एवढीशी वस्तू बाई, मुठीत मावणारी. तिला त्याच्याकडे जागा नाही, तर मी एवढी मोठी बाई माझी खाट कुठे टाकू?"

मी म्हटलं, "तुम्ही त्यांना सरळ विचारा."

"नको. तुम्हीही सांगू नका. विचारलं तर तो नाही म्हणणार नाही. मला त्याच्या तोंडून ये म्हटलेलं हवं होतं."

सांगू नका असं मला सांगण्यात अर्थ नसतो. मी फोन ठेवला आणि तडक खाली गेले. कवळीवाले मेणात दात बसवत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तारखेसकट. त्यांनी सुरी खाली ठेवली. दिवा विझवला. बराच वेळ आपल्या खोलीकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे.

"मला कळलं नाही," ते म्हणाले. "ती जबड्याचं विचारतेय असंच वाटलं मला."

"आता कळलं ना? वर चला, फोन लावा, आणि 'ताई, ये' म्हणून सांगा. दोन शब्द आहेत."

"फोनवर? अशी गोष्ट? आधी मोजतो. खाट कुठे बसते ते बघतो. मग तिथे जाऊन सांगतो, सगळं ठरवून. अर्धवट बोलून काय उपयोग?"

"मग आज रात्रीची बस घ्या."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. तिथे एका निवृत्त कंडक्टरची कवळी अर्धी झालेली होती. "दहा दिवस आहेत अजून. हे तोंड आठ दिवसांत होतं. ते झालं की निघतो."

"कंडक्टर कुठे पळून जातोय का?"

"महिनाभर तो पातळ खाऊन राहिलाय बाई. मधेच सोडून कसं जाऊ?"

मी म्हटलं, निदान मी ताईंना कळवते की तुम्ही येताय. त्यांनी हात जोडले. खरोखर जोडले, प्लास्टर लागलेले. "एवढी गोष्ट मला सांगू द्या. आयुष्यभर माझ्याशी तीच बोलत आलीय, मी नुसता हो-नाही करत आलोय." आणि मी गप्प बसले. साठ वर्षांत मी एकदाच कोणाचं तरी ऐकलं आणि नेमकं नको तिथे.

पुढचे दिवस त्यांनी दुपारपर्यंत कंडक्टरचं काम केलं आणि दुपारनंतर खोली मोजली. मला कागद आणून दाखवला. टेबल आतल्या भिंतीला लावलं तर खिडकीशी दुसरी खाट बसत होती. सहा फूट बाय तीन, डोक्याशी दीड फूट मोकळे, ताईच्या औषधांसाठी फळी. उजेड जाईल तुमचा, मी म्हटलं. दिवा लावीन, म्हणाले. त्या कागदावर एक खुर्ची जास्तीची काढली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा ते काहीतरी घरात आणायचा विचार करत होते, आणि त्यात इतके रमले होते की मला घाई करायची लाज वाटली. तरी केली. रोज केली.

आठव्या दिवशी कंडक्टर कवळी घालून "सरका, सरका, पुढे सरका" असं म्हणून बघायला लागला, तर प्रत्येक स ला शीळ वाजे. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, होईल सवय. यांनी पुढचे चार दात काढले, मेण नव्याने लावलं, टाळूची जाडी केसभर कमी केली. नववा दिवस गेला, दहावा गेला. अकराव्या दिवशी कंडक्टर शीळ न वाजवता सरका म्हणाला आणि मागच्या अंगणातून जाताना बोर खाल्ल्यासारखं काहीतरी कुडुम्‌कुडुम् चावत गेला. बाराव्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये होतो. मी बरोबर गेले, कारण या माणसाला एकट्याला सोडलं तर तो तिथेही जाऊन आधी काहीतरी मोजत बसेल याची मला खात्री होती.

निघण्याआधी मी त्यांच्या भाच्याच्या, म्हणजे ताईंच्या मुलाच्या, घरी फोन केला होता. सामान बांधण्याच्या गडबडीत त्याने सांगितलं, आईला परवाच पोचवलं, तिकडेच जा.

म्हणजे बसमध्ये चढतानाच आम्हाला माहीत होतं. दहा तासांत ते एकच वाक्य बोलले. "फॉर्म परत घेता येत असेल."

ताईंची खोली स्वच्छ होती. दोन खाटा, दोन अरुंद लोखंडी कपाटं, खिडकीबाहेर भिंत. दुसऱ्या खाटेवर एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ताई मला वाटल्या होत्या त्यापेक्षा खूपच लहानखुऱ्या. एवढा आवाज कुठून यायचा कोण जाणे. भावाला बघून त्यांनी आधी तोंडावर हात धरला, खालचे दात नव्हते म्हणून.

"वाळलास रे ठोंब्या," त्या हाताआडून म्हणाल्या.

यांनी पिशवी उघडली. रबराची वाटी, पावडर, पाणी, ट्रे.

"अहो, आधी बोला," मी म्हटलं.

"आधी माप," ते म्हणाले, आणि गुलाबी लगदा घोटायला लागले. डॉक्टरीणबाई नव्हत्या, नियमात ते बसत नव्हतं, पण तिथे कोण अडवणार होतं? त्यांनी ताईंना खाटेच्या कडेला बसवलं, तोंड उघड म्हटलं, ट्रे आत घातला आणि दोन बोटांनी दाबून धरला. लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ज्याच्या तोंडात ट्रे आहे त्याला बोलता येत नाही. त्या बाईला जन्मात एवढा वेळ गप्प बसावं लागलं नसेल.

आणि तेव्हा हे बोलायला लागले. ताईंकडे न बघता, आपल्या बोटांकडे बघत.

"ताई, खाट मावते. मी मोजलंय. खिडकीपाशी, सहा फूट बाय तीन. तुझ्या औषधांना फळी करतो. खुर्ची आणतो एक. तुला गप्पा लागतात, वर या बाई आहेत, दुपारी त्यांच्याकडे जाऊन बस. माझ्याकडे रेडिओ नाही, तो आणू. जबडा मी फोडला तेव्हा तो तुझा आहे हे मला माहीत होतं. चिठ्ठी होती त्यावर. थोडा वेळ हातात धरला होता. मग वाटलं, ताई तर आहेच की. तर तू ये."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माप घेताना सगळ्यांच्याच वाहतं, माझ्याही वाहिलं होतं, त्यामुळे त्याचा काय अर्थ लावायचा ते मला कळलं नाही.

तीन मिनिटं झाली. त्यांनी ट्रे काढला, उजेडात धरून पाहिला, ओल्या कापडात गुंडाळला. ताईंनी चूळ भरली. तोंड पुसलं. आता त्यांनी हात धरला नाही.

"हे फोनवर नसतं का सांगता आलं?"

"नीट ठरवून सांगायचं होतं."

"तू कधीचाच असा. लहानपणी चप्पल घालायला तुला अर्धा तास लागायचा." मग त्या जरा थांबल्या. "हे बघ. पंचवीस दिवस मी रोज मनातल्या मनात तुझ्याकडे यायला निघत होते. रोज बॅग भरायची, रोज सोडायची. दमले रे. शेवटच्या दिवशी दुपारी चारपर्यंत थांबले. मग सही केली. आता इथे आलेय तर इथे राहते. मला परत निघता येणार नाही."

"फॉर्म परत घेता येतो. मी विचारतो ऑफिसात."

"फॉर्मचं नाही म्हणत आहे मी."

शेजारच्या खाटेवरची बाई घोरायला लागली. "ही अशी," ताई म्हणाल्या, "दिवसासुद्धा." आम्ही आणलेली फळं त्यांनी कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दोनच दिवसांत तिथली सवय झाली होती त्यांना.

परतीच्या बसमध्ये मला संताप आवरत नव्हता, आणि तो कोणावर काढायचा ते ठरत नव्हतं. कंडक्टरला आणखी चार दिवस पातळ खायला लावायला हवं होतं का? मी दिलेला शब्द मोडायला हवा होता का? हो, मोडायला हवा होता. हे आज लिहितानाही मला पक्कं वाटतं. हे मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे.

ताईंची कवळी करायला त्यांना पाच आठवडे लागले. इतका वेळ त्यांनी कुठल्याच तोंडाला दिला नव्हता. टेबल होतं तिथेच, खिडकीशी. मापाचा कागद मी नंतर पाहिला नाही आणि विचारलंही नाही. रविवारी फोन येतो आता, पण तो निवासातल्या एकाच फोनवरून, मागे रांग असते. चार मिनिटं. "काय ठोंब्या, जेवतोस का?" आणि "चल, ठेवते, मागच्या बाई कुरकुर करतायत."

कवळी द्यायला ते एकटेच गेले. परत आले त्या दिवशी मी जिन्यातच गाठलं.

"बसली का नीट?"

"बसली. एका दमात बसली. कुठे घासावी लागली नाही."

"काय म्हणाल्या?"

"आरसा बघितला. म्हणाली, दहा वर्षांनी लहान केलंस. मग त्यांची जेवणाची घंटा झाली. पाहुण्यांना त्या वेळी थांबू देत नाहीत."

"म्हणजे किती वेळ भेटलात?"

"वीस मिनिटं असतील."

"आणि बस?"

"बस चार तासांनी होती."

"मग चार तास काय केलंत?"

"बसलो. फाटकाबाहेर एक बाक आहे. तिथून त्यांच्या जेवणघराची खिडकी दिसते." पिशवी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "ती मधल्या टेबलावर होती. सगळं चावून खात होती. काहीतरी सांगत होती आणि शेजारच्या दोघी हसत होत्या. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही."